चित्रलेखाबाईंचं शिळं इंग्रजी

चित्रलेखाबाईंना इंग्रजी येत नाही असं कुणी म्हटलं तर ते साफ खोटं आहे. त्यांना फर्डं इंग्रजी येतं. फक्त ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं आहे, आणि तेही दरबारातलं नव्हे. मेंढ्यांची लोकर कापणाऱ्यांचं, बैलगाड्या हाकणाऱ्यांचं आणि शनिवारी गुत्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्यांचं. सांगलीची एक साठी उलटलेली बाई ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात येऊन असलं इंग्रजी शिकली कुठून, हे कोडं शेजारच्या डेसला पडलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

डेस म्हणजे डेस्मंड, कुंपणापलीकडचा म्हातारा. जन्मभर गुरं राखली, बायको गेल्यावर शेत विकलं आणि गावात येऊन राहिला. त्याने एका रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, शेजाऱ्यांना बार्बेक्यूला बोलावलं. चित्रलेखाबाई मुलीबरोबर, तेजश्रीबरोबर, गेल्या. बाई शाकाहारी, त्यामुळे हातात मक्याचं कणीस घेऊन एका कडेला उभ्या होत्या. डेसने चिमटा हलवत रीतसर विचारलं, कशा आहात. बाईंनी कणीस खाली ठेवलं, पदर सावरला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "बँग अप."

तेजश्रीने डोळे मिटून घेतले. आईने कुठेतरी काहीतरी उडवून दिल्यासारखं ते ऐकू येत होतं. बाकीचे शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. पण डेसच्या हातातला चिमटा तसाच राहिला आणि सॉसेजेस करपायला लागली.

"हे माझा आजोबा म्हणायचा," तो म्हणाला. "एकदम झकास असेल तर बँग अप. तो गेल्यापासून मी हा शब्द ऐकलेला नाही. तुम्हाला कुणी सांगितला?"

"पेपरात वाचला," बाई म्हणाल्या.

"कुठल्या पेपरात?"

"अठराशे सत्त्याऐंशीच्या."

डेस इतका हसला की त्याला खुर्चीत बसवावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाला, म्हणजे तुम्ही न्यू चम दिसता. न्यू चम म्हणजे बोटीतून नुकता उतरलेला, इथलं काहीच न कळणारा नवखा माणूस. आता हा शब्द कुणी वापरत नाही, पण बाईंना तो तोंडपाठ होता. त्या लगेच म्हणाल्या, "न्यू चम आहे, पण शिंगल शॉर्ट नाही." शिंगल म्हणजे छपरावरची लाकडी कौलं. ज्याच्या डोक्यावरचं एक कौल कमी, त्याला त्या काळी शिंगल शॉर्ट म्हणायचे. आपण एक स्क्रू ढिला म्हणतो ना, तेच. त्यानंतर डेसने सॉसेजेसकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आता हे पेपरचं प्रकरण काय ते सांगायला हवं.

चित्रलेखाबाईंनी उभी हयात सांगलीच्या एका दैनिकात प्रूफं तपासली. पेपर मोठा नव्हता. तीन तालुके सोडले तर त्याला कुणी ओळखत नव्हतं. पण त्या तीन तालुक्यांत त्याच्या भाषेला तोड नव्हती. चोरटे हात साफ करायचे, भामटे पोबारा करायचे, पुढारी शड्डू ठोकायचे, आणि नगरपालिकेची बत्ती तर आठवड्यातून दोनदा गुल व्हायची. पुण्यामुंबईच्या पेपरांना असलं लिहायला लाज वाटायची. बाईंना मात्र वाटायचं, वाचणारा आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो, दोघं एकाच टपरीवर चहा पितात, मग दुसरं लिहिणार तरी कसं?

तिथली प्रूफं जोडीने तपासली जायची. एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापलेल्या कागदावर चुका काढायच्या. वाचायची यामिनी. तिचं वाचणं म्हणजे गाण्याच्या अगदी उलट. सूर नाही, चढ नाही, उतार नाही, आणि मजकुरातलं प्रत्येक चिन्ह तोंडाने म्हणायचं. "काल रात्री स्वल्प अज्ञात चोरट्यांनी स्वल्प अवतरण उघडं लक्ष्मी अवतरण बंद या दुकानाचं कुलूप तोडलं पूर्ण." वाक्य जुळलं की चित्रलेखाबाई म्हणायच्या, "पुढे." म्हणजे बघितलं, बरोबर आहे, चल. दिवसभर हेच. एकीने किती वेळा पुढे म्हटलं आणि दुसरीने किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद करायची म्हटली तर एक वेगळा छापखाना लागेल.

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या निवृत्त झाल्यावर तेजश्रीने हट्ट धरला, आई, आता इकडे ये. तेजश्री शिकायला म्हणून आली होती, मग पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, झाली, आणि आता इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. बाई आल्या, पण परतीचं तिकीट ऑक्टोबरचं काढूनच आल्या. व्हिसा चांगला लांबचा होता, प्रश्न व्हिसाचा नव्हताच. बाईंनी विमानतळावरच स्पष्ट सांगितलं होतं.

"तेजू, मी शोभेला राहणार नाही. इथे मला काही काम मिळालं तर राहीन. सोफ्यावर बसून तुझी वाट बघायला मी काही कुंडी नाही."

आणि टूवूंबात काम कुठून मिळणार? गाडी चालवता येत नाही, बस कधीतरी उगवते, आणि ओळख एकाची नाही. पहिला महिनाभर बाईंनी घरातले सगळे डबे घासले, मग जावयाच्या शर्टांना नसलेल्या सुरकुत्या काढल्या, आणि मग त्या चिडायला लागल्या. काम नसलं की त्यांचा स्वभाव तिखट होतो, हे तेजश्रीला लहानपणापासून माहीत होतं. तिनेच एक दिवस लॅपटॉप आणून समोर ठेवला. जुन्या वर्तमानपत्रांची पानं स्कॅन करून ठेवलेली, मशीनने ती वाचून टाईप केलेली, आणि मशीनने त्यात घातलेला गोंधळ निस्तरायला स्वयंसेवक हवेत.

बाईंनी पहिलं पान बघितलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. बघावं तिथे चुका. इतकी घाणेरडी प्रूफं त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठल्या नाहीत.

टूवूंबाहून अर्ध्या तासावर मिलर्स क्रॉसिंग नावाचं खेडं आहे. त्याचं एक साप्ताहिक होतं, केव्हाच बंद पडलेलं. बाईंना ते सापडलं आणि त्या हरखल्या. कारण तो पेपर नव्हताच, ती सांगली होती. तिथे दारुडे पोलिसाला मिठी मारत होते, गावातला वाणी कुणाच्या तरी बकरीवरून भांडत होता, आणि संपादक सगळ्यांची नावानिशी खिल्ली उडवत होता. एखाद्याने काढता पाय घेतला की संपादक लिहायचा, कट हिज स्टिक. काठी तोडून हातात घेतली आणि वाटेला लागला. बाई स्वतःशी खुदकन हसायच्या, कारण त्यांच्या पेपरात तोच माणूस पोबारा करायचा. समोरच्या दुकानातली मुलं काय बोलतात ते त्यांना कळत नव्हतं, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या लोहाराचं प्रत्येक वाक्य कळत होतं. मग जे कळतं तेच माणूस बोलणार.

तर डेसला हे सगळं त्या बार्बेक्यूत समजलं, आणि आणखी गंमत म्हणजे डेसचा जन्म मिलर्स क्रॉसिंगचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी हातात घेऊन दारात उभा.

"मिसेस सी," तो म्हणाला, कारण चित्रलेखा म्हणणं त्याच्या जिभेला जमेना, "मला एक पान वाचून दाखवाल?"

बाईंनी त्याला आत बसवलं, आल्याचा चहा दिला आणि सांगितलं, मी वाचणार नाही, तुम्ही वाचा, मी दुरुस्त करते. आणि वाचायचं कसं तेही सांगितलं. कॉमा आला की कॉमा म्हणायचं. फुलस्टॉप आला की फुलस्टॉप. डेस म्हणाला, हे मला जमणार नाही, मूर्खासारखं वाटतं. बाई म्हणाल्या, मग चहा पिऊन घरी जा. डेसने चहा प्यायला आणि कॉमा म्हणायला लागला.

दोन आठवड्यांत तो यामिनीसारखा वाचायला लागला. वाक्य जुळलं की बाईंच्या तोंडून आपोआप यायचं, "पुढे." डेसने अर्थ विचारला नाही. पुढे म्हटलं की चालायला लागायचं, एवढं त्याच्या गुरांनाही कळलं असतं. एखादा शब्द दोघांनाही अडला की तो डोकं खाजवायचा, आजोबांची आठवण काढायचा आणि शब्दाबरोबर एखादी गोष्टही सांगायचा. बाईंनी डबे घासायचे बंद केले. तेजश्री शिफ्टवरून यायची तेव्हा घरातून हसण्याचे आवाज यायचे, आणि ती गाडीत क्षणभर तशीच बसून ते ऐकायची.

मग बातमी आली. मिलर्स क्रॉसिंगच्या इतिहास मंडळाला त्या साप्ताहिकाच्या जुन्या फायली एका कोठारात मिळाल्या होत्या, कुठेच स्कॅन न झालेल्या. चांगलं कपाट भरून. त्या स्कॅन करून, दुरुस्त करून, गावासाठी त्यांचं वाचन सुरू करायचं होतं. मंडळाच्या खोलीत टेबल, खुर्ची, हीटर आणि वर्षानुवर्षांचं काम. डेसने बाईंचं नाव सुचवलं.

मंडळाची अध्यक्ष लॉरेन बाई चांगली होती, पण अडखळली. काम तपासण्याचं आहे तसं वाचण्याचंही आहे, ती म्हणाली. गावकऱ्यांना त्यांच्या आजोबांची बोली ऐकायचीय. तुमच्या मैत्रिणीच्या तोंडी ती बसेल का? नाहीतर ब्रिस्बेनच्या एका एजन्सीला द्यायचा विचार आहे. शेवटी ठरलं की सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचं, मिसेस सी एक मजकूर वाचतील, आणि मग मंडळ ठरवेल.

डेसकडून हे कळल्यावर बाईंनी तेजश्रीला सांगितलं, "हे मिळालं तर तिकीट रद्द कर. नाही मिळालं तर मी चालले, आणि मग मला अडवू नकोस."

तेजश्री म्हणाली, "आई, काम नाही मिळालं तरी तू मला हवीयस."

"मला माहीत आहे गं," बाई म्हणाल्या. "पण मला मी हवी आहे ना."

तयारी जोरात झाली. बाईंनी न्यू चमची एक बातमी निवडली. लंडनहून आलेला एक नवखा पोरगा गावच्या जुन्याजाणत्यांना घोडेस्वारी शिकवायला निघतो. घोडा मिळत नाही म्हणून तो ग्रोगन नावाच्या शेतकऱ्याच्या वळूवर बसतो, आणि वळू त्याला घेऊन थेट मेथडिस्ट चर्चच्या बायकांच्या चहापार्टीत शिरतो. मजकूर पाठ व्हावा म्हणून डेसने तो रोज वाचायचा आणि बाईंनी ऐकायचा. डेसने रोज वाचला, त्याला शिकवला होता तसाच, एकेक कॉमा म्हणत. इथेच पाणी मुरलं, पण दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. प्रूफांवर जगलेल्या माणसांना त्यात काही वावगं वाटतच नाही.

शनिवारी हॉल भरला होता. लोकांनी घरून केक आणि सँडविचेस आणली होती. बाईंनी निळी इरकली नेसली होती. डेस इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत, त्याच्या शेजारी तेजश्री, ऑफ घेऊन आलेली. लॉरेनने ओळख करून दिली. बाई उठल्या, माईकपाशी गेल्या, आणि एवढी तोंडं एकदम समोर बघून बिचकल्या. घाबरलं की माणूस सवयीला धरतो. बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागल्या.

"अ न्यू चम कॉमा फ्रेश फ्रॉम लंडन कॉमा अँड अ शिंगल शॉर्ट इन द ओपिनियन ऑफ मेनी कॉमा..."

सूर नाही, चढ नाही, उतार नाही. सांगलीच्या छापखान्यात वाचल्यासारखं. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी हातातला केक खाली ठेवला. बाई वळूपर्यंत आल्या, "कोट्स ओपन गेट मी ऑफ कोट्स क्लोज फुलस्टॉप" असं अगदी बातमी देणाऱ्या आवाजात म्हणाल्या, आणि मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. मग अख्खा हॉल.

बाई थांबल्या. आपण काय करतोय ते त्यांना आत्ता ऐकू आलं. तेजश्री अर्धवट उठली होती. लॉरेनचा हात तोंडावर होता. आटपलं सगळं, बाईंना वाटलं. आता आपली काठी तोडावी आणि वाटेला लागावं. त्यांनी कागदाची घडी घालायला सुरुवात केली.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून, गुरांना हाकारणाऱ्या खणखणीत आवाजात आणि भयंकर उच्चारात, एक शब्द आला.

"पुडे, मिसेस सी."

चित्रलेखाबाईंचे हात जागच्या जागी राहिले. जन्मभर त्यांनी हा शब्द दुसऱ्याला म्हटला होता. बघितलं, बरोबर आहे, चल. त्यांना तो कुणीच कधी म्हटला नव्हता, कारण वाचायची नेहमी दुसरी. बाईंनी डेसकडे पाहिलं. डेसच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, हसून हसून, आणि तो मान डोलावत होता. मग त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. ही माणसं टिंगल करत नव्हती. ती पोट धरून हसत होती, वळूला, त्या पोराला, आणि त्या सपाट आवाजातल्या कॉमाला. सांगलीत शाई वाळत असताना कंपोझिटर हसायचे, अगदी तसंच.

बाईंनी घडी उलगडली. पदर खोचला. आणि आता जे वाचलं ते मुद्दाम, ठासून, एकही चिन्ह न सोडता. वळू चहाच्या टेबलावर चढला, कॉमा. मिसेस पार्किन्सची टोपी शिंगावर अडकली, सेमीकोलन. तिसऱ्या वाक्याला मागची रांग फुलस्टॉप म्हणायला लागली, पाचव्याला पूर्ण हॉल. तो न्यू चम ओढ्यातून चिखलाने माखून बाहेर आला आणि अखेर त्याने काठी तोडली, तेव्हा बाई थांबल्या, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं, आणि पन्नास-साठ माणसांनी एका आवाजात फुलस्टॉप म्हटलं. पहिल्या रांगेतल्या आजीबाईंना खोकल्याची उबळ आली आणि तरी त्या टाळ्या वाजवत राहिल्या.

लॉरेनने नंतर मंडळाची बैठक घेतलीच नाही. ती सरळ बाईंपाशी आली, म्हणाली, एजन्सीवाले कॉमा म्हणणार नाहीत, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. डेसने जाहीर केलं की सगळ्यांचा चहा आज त्याच्याकडून. तेजश्रीने आईला मिठी मारली. गाडीत बसल्यावर तिने फोन काढून तिकीट रद्द केलं, तिथल्या तिथे, आईचं मन बदलायच्या आत.

एक काम मात्र उरलं होतं, आणि ते बाईंना जड गेलं. रविवारी सकाळी सांगलीत सगळे उठले असतील अशा बेताने त्यांनी यामिनीला व्हिडिओ कॉल लावला. यामिनी ऑक्टोबरची वाट बघत होती. तिने दोघींसाठी नाटकाची तिकिटं बघून ठेवली होती, शेजारच्या खोलीला रंग देऊन घेतला होता, तूप कढवून ठेवणार होती. ती स्क्रीनवर आली ती हेच सगळं सांगत आली.

"यामे, ऐक," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. कपाट, किल्ली, हॉल, वळू, कॉमा. यामिनी हसली, खूप हसली, कॉमाला तर तिने डोळे पुसायला चष्माच काढला. मग बाई थांबल्या. "म्हणून," त्या म्हणाल्या, "मी ऑक्टोबरमध्ये येत नाहीये. मला इथे काम मिळालंय गं. मी इथेच राहतेय."

यामिनीने चष्मा पुन्हा घातला. मूळ मजकुरातला अडलेला शब्द उजेडात धरून बघायची, तसं तिने बाईंकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला इतक्या वेळा थांबवलं होतं, दुरुस्त केलं होतं, पुन्हा वाचायला लावलं होतं. आता ती काय म्हणेल ते ऐकण्यावाचून त्यांच्या हातात काही नव्हतं.

"पुढे," यामिनी म्हणाली.